कात्रजच्या थांब्यावर दादाचा चेहरा

सुमनताई, गुडघा काय म्हणतोय? नानासाहेब, डोळ्याची पट्टी निघाली का? आणि बेबी, तुझी शुगर... की बासुंदीशी मैत्री अजून आहेच? मी ठणठणीत आहे. फक्त डोक्यात नुसता काला झालाय, म्हणून आपल्या ग्रुपवर लिहितेय.

मागच्या मंगळवारी कात्रजच्या बसथांब्यावर दादा बसला होता.

माझा सख्खा थोरला भाऊ. तो गेला तेव्हा तुमच्यातले बरेच जण येऊन गेलात. तेच बसकं नाक, मधोमध जुळत आलेल्या भुवया, गालाला चिकटलेली कानाची पाळी... हनुवटीवरची खळीसुद्धा तीच! मी पिशवी छातीशी धरून बघतच राहिले.

"काय पाहून राहिल्या ताई? माह्या तोंडाले काही लागलं काय?"

आवाज मात्र दादाचा नव्हता. वानखडे नाव, अमरावतीकडचे. मुलगा आयटीत, म्हणून विश्रांतवाडीला राहायला आलेले. आमच्या सात पिढ्या कर्वेनगरच्या शेतात गेल्या, आता तिथं सोसायट्या आहेत... नातं लागणार कुठून? तरी मी आजोळ, मामेकूळ सगळं विचारून घेतलं. धागा काही जुळेना.

मग मोबाईलमधला दादाचा फोटो दाखवला. "हा तं मीच हाये!" म्हणून ते हसले. हसणं मात्र साफ वेगळं, मोकळंढाकळं. दादा हसायचा तो गालातल्या गालात. आम्ही दोघांनी सेल्फी काढला, नंबर घेतले.

मग त्यांनी हळूच विचारलं, "काय झालं होतं त्याईले?"

माझ्या तोंडाला कुठला लगाम... "हार्ट," म्हटलं. "कधी काही दुखलं नव्हतं हो. झोपेतच गेला."

त्यांचा हात आपसूक छातीवर गेला. "मंग माह्यंबी आतून तसंच असंन काय?"

तेवढ्यात त्यांची बस आली.

संध्याकाळी मृणालला गाठलं. दादाची मुलगी, कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. म्हणाली, "आत्या, नाकाचं एक जनुक, कानाचं एक, असं नसतं. चेहऱ्यामागे कितीतरी जनुकं असतात, एकेकाचा वाटा चिमूटभर. इतक्या माणसांत कुठंतरी तेच मिश्रण जवळपास जमून येतं."

मी सातवी शिकलेली, पुढचा अभ्यास रद्दीच्या पेपरांवर. पण हे पटलं. मिसळणाचा डबा सगळ्यांकडे तोच, तरी आमटी घरोघरी वेगळी... आणि कधी परक्या घरी अवचित आईच्या हातची चव लागते. तसंच ना?

"पण मग हृदयाचं काय?" मी विचारलं.

"बिल्डिंगचं बाहेरचं एलिव्हेशन सारखं, म्हणून आतलं प्लंबिंगही तेच का?" पुण्यातच वाढलीय, सरळ बोलेल कशी!

माझा जीव भांड्यात पडला. मग तिला सेल्फी दाखवला... तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. कानाच्या पाळीपाशी थांबली.

मग म्हणाली, "तरी त्यांना म्हणावं, एकदा तपासून घ्या."

आता घ्या! शास्त्र म्हणतं संबंध नाही, आणि शास्त्र शिकवणारीच म्हणते तपासा. मी ऐकू कोणाचं? शेवटी तसा निरोप वानखड्यांना धाडला. उत्तरात नुसते जोडलेले हात आले. तेव्हापासून सामसूम... फोनही उचलत नाहीत. भल्या माणसाला मी उगाच घोर लावला, की वेळेवर शहाणपणाचं सांगितलं, काही कळेनासं झालंय.

फोटो इथं टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पण विश्रांतवाडीच्या बाजूला कोणाच्या ओळखीत असतील, तर एवढं त्यांच्यापर्यंत पोहोचवा.

वानखडेभाऊ, कार्डिओग्राम काढलात का? 'बरा हाये' इतकंच लिहिलंत तरी पुरे. त्या चेहऱ्याला आम्ही एकदा पोचवून आलोय... लवकर लिहा.