विहिरीत औषध टाकलं

सत्यशीलाबाई जीपमधून उतरण्याआधी मला एकच हुकूम सोडायच्या. "भुजंगराव, जीपचं तोंड रस्त्याकडं करून लावा."

मी परभणी जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रातला साधा आरोग्यसेवक. लातूरकडचा भूकंप झाल्यावर मला एका परदेशी मदत संस्थेच्या दिमतीला दिलं होतं. संस्थेत बाईंचा हुद्दा 'पब्लिक हेल्थ ॲडव्हायझर' असा होता. तो काही आमच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्यांना सल्लागारबाई म्हणायचो. जीप अशी लावायची हा गोऱ्या साहेबांचा नियम असेल असं मला वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "नियम त्यांचाबी हाय. पर मी शिकले ते आपल्याच मुलखात."

बाई मूळच्या राणीसावरगावच्या बाजूच्या, बौद्ध घरातल्या. वडील लिंबाजी दुसऱ्याच्या रानात राबायचे. अठ्ठ्याहत्तरच्या विद्यापीठ नामांतराच्या दंगलीत त्यांचं घर जळालं तेव्हा बाई औरंगाबादला नर्सिंग शिकत होत्या. त्या परत गावी गेल्याच नाहीत. पुढं या संस्थेत लागल्या. सुदानचा दुष्काळ, बांगलादेशातलं वादळ, जिथं माणसं उघड्यावर आली तिथं जायचं आणि पिण्याचं पाणी कसं राखायचं, रोगराई कशी आवरायची ते सांगायचं. एवढं ऐकून कुणालाही वाटेल की बाई म्हणजे वाघीण. साफ चूक. इतकी भित्री बाई मी जन्मात पाहिली नाही. गाव जवळ आलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायच्या, बोलणं बंद. तरी जायच्याच. मला त्याचा रागच यायचा. भित्र्या माणसानं माझ्यासारखं आपल्या घरी बसावं की!

ते साल चौऱ्याण्णव, महिना जानेवारीचा. गंगाखेड तालुक्यातलं गाव. नाव सांगत नाही, तिथं माझी सोयरीक आहे. भूकंपात घरं गेलेली बरीच कुटुंबं तिथं नातलगांकडं आली होती. संस्थेनं त्यांना पत्र्याची शेडं बांधून दिली होती. माणसं वाढली, विहीर तेवढीच. हगवण-ओकारी सुरू झाली, दोन लेकरं दगावली. आणि त्यात नामांतराचा निर्णय होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. गावागावात लोक एकमेकांकडं तिरके बघायला लागले होते. पारावर बसलेली माणसं जीप दिसली की गप्प व्हायची.

त्या दिवशी आम्ही विहिरीत ब्लिचिंग टाकलं. टाकलं म्हणजे मी टाकलं. बाई कट्ट्यावर चढल्या नाहीत. गावची विहीर, बौद्ध वस्तीतलं कुणी तिला शिवत नव्हतं. "आपण पाण्यासाठी आलोय, भांडणासाठी न्हाई," त्या म्हणाल्या आणि खालून मला मापं सांगत राहिल्या. रोगाचा जोर बघून मापही नेहमीपेक्षा जास्त दिलं होतं. मी हात धुवायला जीपकडं गेलो. तेवढ्यात पाण्याला बायका आल्या. बाईंनी त्यांना आपल्या परीनं नीट समजावलं.

"विहिरीत औषध टाकलंय. दिवस मावळेपर्यंत हे पाणी पिऊ नका."

मी तिथं असतो तर त्यांचं तोंड दाबलं असतं. आमच्याकडं दवाखान्यातून आणतात ती दवा. औषध म्हणजे कपाशीवर मारायचं ते. अमक्यानं औषध घेतलं म्हटलं की तिरडीचीच तयारी. पण बाई गावाकडून गेल्या तेव्हा रानात फवारणीचे पंप आले नव्हते. त्यांच्या लेखी औषध म्हणजे औषध.

बायका घागरी टाकून पळाल्या. 'त्या लोकांच्या बाईनं विहिरीत औषध टाकलं' ही बोंब गावभर झाली. माणसं काठ्या घेऊन निघाली. पुढं भूकंपात घर गेलेला मुंजाजी, हातात कुऱ्हाड. त्याची लेक कालपासून शेडात ओकत होती.

मी धावत जीपमध्ये बसलो, चावी फिरवली. "बाई, बसा लवकर!"

बाईंनी एक पाय जीपमध्ये ठेवलाही होता. तेवढ्यात बौद्ध वस्तीतली गीताबाई धापा टाकत आली. कडेवर नातू होता. "ताई, तुमी जीपमदी बसून जाल. आमी कुठं जायचं?"

बाईंनी पाय खाली घेतला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, इथंच खाली पडतात. पण त्या चालत पुन्हा विहिरीकडं गेल्या आणि त्यांच्यामागं, स्वतःला शिव्या देत, मी.

"आरं, ती दवा हाय, हगवणीची!" मी ओरडलो. कोण ऐकतंय!

"मग पी म्हणावं तिला," मुंजाजी म्हणाला.

"मी पितो की."

"तू न्हाई. तिनं सांगितलं, तिनंच प्यायचं."

मी कपाळावर हात मारला. नुकतंच ब्लिचिंग टाकलेलं तिखट पाणी पोटात टिकत नाही, म्हणून तर संध्याकाळपर्यंत थांबायचं. आणि बाई ओकल्या, तर मग गावाला आणखी पुरावा कशाला हवा?

बादली कोण शेंदून देणार? कुणी पुढं होईना. सरपंच व्यंकटराव खाली मान घालून उभे. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग चपला काढल्या, कट्ट्यावर चढल्या, दोर धरला आणि बादली आत सोडली. कुणीतरी "ए!" म्हणालं. बाई ओंजळीनं प्याल्या. एकदा, दोनदा, तीनदा.

"दिवस मावळेपर्यंत हितंच बसायचं," मुंजाजी म्हणाला. कुऱ्हाड त्यानं खाली ठेवली नाही.

बाई बसल्या. अख्खं गाव त्या कधी मरतात ते बघत होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. दोनदा त्यांनी आवंढा गिळलेला मी पाहिला. मग त्या मुंजाजीशी बोलायला लागल्या. लेक किती वर्षांची? लघवीला झाली का? मीठ-साखरेचं पाणी पाजा, पाणी चांगलं उकळून घ्या, ओकली तरी थोडं थोडं पाजत राहा. गप्प बसलं तर पोटातलं वर येईल, म्हणून बोलत होते, असं मला नंतर म्हणाल्या. मुंजाजी आधी दुसरीकडं बघत होता. मग म्हणाला, "साखर किती?" आणि सांगितल्यावर बायकोला हाक मारून तसं करायला लावलं. स्वतः मात्र हलला नाही.

दिवस मावळला. व्यंकटराव पुढं आले, घोटभर पाणी प्याले आणि लोकांना म्हणाले, "चला आता, काय न्हाई त्यात." माणसं पांगली. आमची जीप ओढा ओलांडून गेली तशी बाईंनी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला बसून भडाभडा ओकल्या. मी पाणी दिलं. तांब्या मलाच धरावा लागला.

"भुजंगराव, मला लय भ्या वाटलं," म्हणाल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत जायला तयार नव्हतो. त्या होत्या. गावाच्या अलीकडंच ज्वारीच्या रानात पाणी साचलेलं दिसलं. ब्लिचिंगचा वास येत होता. विहिरीवर इंजिन लावलेलं, तळ उघडा पडलेला, झऱ्यातून नवं पाणी पाझरत होतं. एवढ्या भीतीनं राखलेलं पाणी गावानं रानात सोडून दिलं होतं.

व्यंकटराव सामोरे आले. "बाई, मुंजाजीची लेक बरी हाय. हे आपलं... लोकांचं समाधान."

बाईंनी विचारलं, "विहीर औषधापायी उपसली का माझ्यापायी?"

व्यंकटराव कट्ट्याकडं बघायला लागले. पाणी तर ते स्वतः प्याले होते. कट्ट्यावर नवा दोर होता, नवी बादली होती.

"नवं पाणी तसंच प्याल तर लेकरं परत आजारी पडतील," बाई म्हणाल्या. "पुन्हा टाकावं लागंल."

"टाका की. आमी कुठं न्हाई म्हणायलाव?" व्यंकटराव घाईनं म्हणाले. मग आवाज उतरवून, "पर ह्या टायमाला बादलीला हात लावू नका. पिऊन दाखवायचं आसंल तर आमी वरून वाढू."

"मला तहान न्हाई," बाई म्हणाल्या. त्यांनी ब्लिचिंगची पिशवी उघडली आणि माप भरायला लागल्या. निम्मी पूड लुगड्यावर सांडली. त्यांनी माप पुन्हा भरलं.