तराजूकाकांचं बाहेरचं जेवण

तराजूकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाच सांगता आलं नसतं, आणि त्याची कुणाला फारशी हळहळही नव्हती. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांना लांबून येताना पाहिलं की किराणावाला, भाजीवाला, सोनार आपापल्या काट्याकडे असे बघत, जणू काटा म्हणजे आपलं लेकरू आहे आणि पाहुण्यांसमोर ते घरातलं काही भलतंच बोलून बसणार आहे. काका काट्यावर वजन ठेवत, डोळे बारीक करत आणि बऱ्याच वेळाने म्हणत, "चालेल." यापलीकडे त्यांनी जन्मात कुणाची स्तुती केली नव्हती. उगाच जीभ सैल सोडली की लोक शेफारतात, असं त्यांचं म्हणणं.

घरीही तपासणी चालूच असे. काकू ताट वाढून स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या राहत. काका पहिला घास जिभेवर ठेवत, छताकडे बघत आणि निकाल देत. मीठ जरा पुढे गेलंय. भाजीला एक वाफ कमी पडली. काकू "बरं" म्हणत आणि आत जात. लग्नानंतर हिचा हात सुधारला तो आपल्याच देखरेखीमुळे, असं काकांचं प्रामाणिक मत होतं. काकूंचं मत विचारण्याचा प्रसंग कधी आला नव्हता.

काका निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसात भाषणं झाली. ज्यांना त्यांच्या जाण्याचा सगळ्यात जास्त आनंद झाला होता, ते सगळ्यात जास्त गहिवरले. गळ्यात हार घालून काका घरी आले, तर शेगडी थंड, ओटा लख्ख, आणि काकू ठेवणीतले कपडे घालून, मांडीवर पर्स घेऊन बाहेरच्या खोलीत बसलेल्या.

"कुठे निघालीस?"

"जेवायला. आपण दोघं."

"कुणाकडे?"

"कुणाकडे कशाला? हॉटेलात."

"का गं, बरं वाटत नाही का तुला?"

"उत्तम वाटतंय. तुम्ही निवृत्त झालात ना, मीही झाले. सकाळचं ज्याचं त्याने बघायचं. संध्याकाळचं बाहेर."

काकांनी हसून घेतलं. बायकांना अधूनमधून थट्टा सुचते, दोन दिवसांत उतरेल, असा त्यांचा हिशेब होता. आठवडा गेला, महिना गेला, थट्टा काही उतरली नाही.

पहिल्याच हॉटेलात इतका अंधार होता की काकांनी खिशातली बॅटरी काढून मेनूकार्डावर मारली. शेजारच्या टेबलावरचं जोडपं दचकून एकमेकांपासून लांब झालं. "वीज तोडलीय का तुमची?" काकांनी वेटरला विचारलं. वेटर म्हणाला, "सर, हे वातावरण आहे." काका म्हणाले, "ते असू दे. मी काय खातोय ते दिसायला नको का?"

दुसऱ्या ठिकाणी बसायला उंच उंच स्टुलं होती. त्यावर चढताना काकांना आपण जेवायला आलोय की भिंत रंगवायला, असा प्रश्न पडला. तिथे जेवण आलं ते लाकडी फळीवर. "ताटं धुवायला टाकलीत वाटतं," काका म्हणाले. आणखी एके ठिकाणी पाणी मागितलं तर वेटरने विचारलं, "कोणतं?" काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ओलं."

एका झगझगीत हॉटेलात तर त्यांनी कमालच केली. मेनूकार्डावर कोंबडीच्या तुकड्याचं वजन छापलं होतं. झालं! हत्तीला ऊस दाखवल्यासारखं झालं. काकांनी कोटाच्या खिशातून आपला जुना स्प्रिंगचा काटा काढला, कोंबडी त्याला टांगली आणि भर गर्दीत नाकासमोर धरली. तिच्यातून रस ठिबकत होता, मॅनेजर धावत येत होता, लोक फोटो काढत होते. "शिजल्यावर वजन कमी होतं हो, साहेब," मॅनेजर काकुळतीने म्हणाला. "मग शिजल्यानंतरचं छापा," काका म्हणाले आणि ती कोंबडी काट्यावरून काढून निवांत खाल्ली.

या सगळ्यात काकू मात्र खुशीत असत. काका वेटरला धारेवर धरत, तेव्हा त्या शांतपणे आपलं जेवत, गालातल्या गालात हसत, वर गोडही मागवत. काकांना वाटे, बायको असावी तर अशी. कशी ठाम पाठीशी उभी असते! हळूहळू शहरातल्या बऱ्याच हॉटेलांत काका दारात दिसले की सगळी टेबलं एकदम भरलेली असत, त्यांवर कुणी बसलेलं नसलं तरी. मग काकूंनी एका आडगल्लीतलं छोटंसं कॅफे शोधून काढलं. नवरा गल्ल्यावर बसायचा आणि वाढायचाही, बायको आत रांधायची. टेबलं मोजकी, उजेड भरपूर, ताटं ताटांसारखी. काकांना बोट ठेवायला जागाच सापडेना, त्यामुळे ते बेचैन झाले.

शेवटी त्यांनी टोमॅटोचं सूप धरलं. "कोमट आहे," म्हणून परत पाठवलं. गरम होऊन आलं, तर "आता आटलंय." तिसऱ्यांदा आलं तेव्हा काकांनी चमचा तोंडात धरून छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "पहिलं होतं तेच बरं होतं."

तेवढ्यात आतून रांधणारी बाईच बाहेर आली. घामेजलेला चेहरा, कपाळाला चिकटलेले केस. दारातच थांबली आणि ॲप्रनला हात पुसत म्हणाली, "काय कमी पडलं हो? सांगा ना, मी परत करते."

काकूंचा चमचा तिथेच थांबला. त्या बाईच्या हातांकडे त्या बघतच राहिल्या. ते हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी पुसणं चालूच होतं. काकूंनी ताट उचललं, पर्स उचलली आणि खिडकीजवळच्या दुसऱ्या टेबलावर जाऊन बसल्या.

"अगं, काय झालं? वारा लागतोय का?"

"मी एकटी आलेय," काकू गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाल्या. "यांना ओळखत नाही."

काकांनी आधी हसून पाहिलं, मग खाकरून पाहिलं. काकूंनी मान वर केली नाही. ब्रेड कडक होता. ते सांगायला काकांनी तोंड उघडलं आणि समोर रिकामी खुर्ची बघून मिटलं. तक्रारीला कान लागतो. खुर्चीला सांगून काय उपयोग? सूप त्यांनी निमूट संपवलं.

घरी जाताना काकू चार पावलं पुढे चालत होत्या. दाराशी आल्यावर काका म्हणाले, "एवढं काय झालं? मी तिला बोललो, तुला थोडंच बोललो?"

काकू थांबल्या. "आजवर तीच तर मजा होती. इतकी वर्षं माझं वजन होत होतं, आता दुसऱ्यांचं होतंय. कधी नव्हे ते गरम घास माझ्या पोटात जात होता. पण आज ती बाहेर येऊन उभी राहिली ना, तेव्हा मला माझीच लाज वाटली. मी बसून हसत होते, अहो!"

काका रात्रभर कूस बदलत राहिले. गादीत खरंच काही खुपत असल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू न सांगताच एकट्या जेवायला बाहेर पडल्या. काका एकटेच त्या कॅफेत गेले. त्यांना बघून गल्ल्यावरच्या माणसाचा चेहरा पडला. काकांनी तेच सूप मागवलं. चमचा तोंडात घालताना छताकडे वळलेली मान महत्प्रयासाने खाली आणली आणि चमचा तसाच धरून थांबले. आतल्या पडद्याची फट हलली, आणि थोड्या वेळाने बाई बाहेर आलीच.

"मीठ?"

"नाही."

"मग थांबलात का?"

"गरम आहे." काकांनी घसा साफ केला. "छान झालंय."

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने काकांकडे पाहिलं. "तब्येत बरी आहे ना साहेब?" त्याने काळजीने विचारलं. बाई म्हणाली, "छान म्हणजे नक्की काय बदलू?" शेवटी काकांनी वाडगं पुसून दाखवलं, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. तिने आणखी एक वाडगं आणून ठेवलं. तेही काकांनी संपवलं. माफी मागायला तोंड रिकामं हवं, ते त्या दिवशी झालंच नाही.

घरी काकू आधीच येऊन बसल्या होत्या. "मी तिला सांगून आलो," काका बूट काढता काढता म्हणाले.

"काय?"

"छान झालंय म्हणून."

"झालं होतं का?"

"झालं होतं. मिरी जरा..." काकूंची नजर पाहून ते थबकले. "झालं होतं."

काकांनी बूट जागेवर ठेवले. मग खाली बघतच त्यांनी विचारलं, "तू इतकी वर्षं काही बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही त्याचंही वजन केलं असतं."

आज काकांचाच काटा तपासला गेला होता. नोकरीतही असा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता.

दोघं पुन्हा एका टेबलावर बसू लागले, पण काकूंनी अट घातली: जे काही सांगायचं ते घरी येऊन सांगायचं, हॉटेलात चकार शब्द नाही. काका पाळतात. ओठ घट्ट मिटून, गाल फुगवून जेवतात, आणि घराचं दार लागलं की वाचा फुटते. पडद्यांच्या रंगापासून बडीशेपेपर्यंत सगळं निघतं. काकू स्वतःचे पाय चेपत ऐकतात. कधी हसतात, कधी झोपी जातात.

परवा एका बड्या हॉटेलात मासा अक्षरशः कोळसा होऊन आला. काका मुकाट्याने काळा पापुद्रा सोलत बसले होते. काकूंनी वेटरला बोलावलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हे करपलंय. उचला आणि दुसरं आणा."

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. काकांचे कान लाल झाले. "असू दे गं," ते टेबलाखाली वाकून कुजबुजले, "त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

"दोष कुणाचाही असो," काकू म्हणाल्या, "मी करपलेलं खाणार नाही. घरी फार खाल्लंय, चांगलं तेवढं तुमच्या ताटात वाढून." आणि नवा मासा येईपर्यंत त्यांनी मेनूकार्ड उघडून गोडाचं पान काढलं.