पाद्रीबंगल्याची गोपिकाबाई

गोपिकाबाईच्या वाटेला जाऊ नये, हे पाद्रीबंगल्याच्या आसपास कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. भैयाजीला ठाऊक नव्हतं असं नाही, पण माणसाला खुर्ची मिळाली की ठाऊक असलेलंही विसरतो.

भैयाजी चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी. अठ्ठ्याहत्तर साली त्यानं ठराव मांडला, की पाळकसाहेबांचा जुना बंगला पाडायचा आणि रस्त्याच्या अंगानं दुकानं काढायची. सगळ्यांनी मुकाट हात वर केले. गोपिकाबाई बंगल्यातली स्वयंपाकीण, वय पासष्ट, कमिटीत नाही की कशात नाही. तरी ती मागच्या बाकावरून उठली. "मी जिती हावो तोवर छपराचं एक कवेलू हलवून दाखवा," म्हणाली आणि तडक रुपराव मास्तरांच्या घरी गेली. मास्तरांनी अर्ज लिहिला, की बंगला ऐतिहासिक आहे, सरकारनं जतन करावा. उत्तर नाही. दुसरा अर्ज झाला, तिसरा झाला. मास्तर कंटाळले, बाई कंटाळली नाही. दीड वर्षानं पत्र आलं: साहेब मंगळवारी पाहणीला येणार.

आता साहेब येणार म्हणजे पाहुणाच. पाहुण्याला कळकट भिंत दाखवायची कशी? नाताळाआधी मंडळीतल्या बाया बंगल्याला चुना मारत, तशा तिनं चार बाया भर उन्हाळ्यात कामाला जुंपल्या. चुन्यात नीळ घातली, भेगा बुजवल्या, दारावर कोरलेलं बांधकामाचं साल होतं तेही लिंपून गुळगुळीत केलं.

साहेब आले, चष्मा पुसला, म्हणाले, "बाई, हा तर काल बांधल्यासारखा दिसतोय."

भैयाजी दुकानांचा नकाशा तोंडावर धरून हसला. बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीड वर्ष ज्याच्यासाठी भांडली, ते आपल्याच हातानं पुसून बसली! अक्कल कुठं चरायला गेली होती, म्हणून तिनं स्वतःलाच चार शिव्या हासडल्या. पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हे. साहेबांना तिनं स्वयंपाकघरात नेलं, पोळ्या उलटायचा सराटा उचलला आणि चुलीमागच्या भिंतीत खुपसला. भाकरीहून जाड खपली निघाली. तिच्या काठावर एक रेघ पांढरी, एक काळी, पुन्हा पांढरी, पुन्हा काळी.

"वर्सभर चुलीचा धूर, नाताळाले चुना. मोजा."

साहेबांनी भिंग काढलं. त्र्याण्णव वर्षांपर्यंत मोजलं आणि कागद पुढं ओढला.

"जुना आहे, कबूल. पण नुसतं जुनं असून भागत नाही. इथं कोणी मोठी व्यक्ती राहिली होती का? तसा रकाना आहे."

"तेच तर," भैयाजी म्हणाला. "काहून साहेबाचा टाइम घालवून राहिल्या, बाई?"

गोपिकाबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "लिहा, साहेब. अठरा साली मानमोडीचा ताप आला. गावंच्या गावं बसली. माह्ये मायबाप एका दिवशी गेले. तवाच्या पादरीसाहेबानं बैलगाडीत घालून एकतीस लेकरं या पडवीत आणली. एकेकाचं नाव लिहा. गोपिका, वय पाच, पारशिवनी. जिजा, वय सात, तिच्या ताटातली पोळी मी चोरून खाल्ली. देवाजी, तो तिसऱ्या दिवशी मेला, त्याले बी लिहा. कवडू, वय तीन, सावनेर. हा भैयाजी उभा हाये ना, याचा बाप."

"बाई, रकाना एका ओळीचा आहे."

"मंग मागून लिहा. कागदाले पाठ असते."

साहेबांनी कागद उलटला. नावं चालूच राहिली. बाप मिशनमध्ये वाढला, एवढंच भैयाजीला माहीत होतं. त्यापुढं बापानं कधी सांगितलं नव्हतं, यानंही विचारलं नव्हतं. शेवटी तो हळूच म्हणाला, "बाबा कुठं झोपे, बाई?"

तिनं सराट्यानं पडवीचा रस्त्याकडचा कोपरा दाखवला. "तिथं. तुमचं पयलं दुकान जिथं निंगून राहिलं ना, तिथंच."