काचेचं बटण

धायरीच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत दिव्याच्या बटणावर माझी एक खड्याची टिकली चिकटवलेली असायची. घरी येणाऱ्या बायका ती बघायच्या आणि मनातल्या मनात मला अजागळ म्हणायच्या. म्हणोत बापड्या. त्या टिकलीवर ह्यांचं बोट पडलं की ह्यांना कळायचं, हा दिवा आणि शेजारचा पंखा.

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काचबिंदू झालाय हे कळून तेव्हा दोन वर्षं झाली होती. दोन्ही बाजूंचं दिसणं मिटत आलं होतं. समोरचं तेवढं उरलं होतं, तेही लख्ख उजेड असला तर. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवू, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यातून बाहेर पडलो आणि रिक्षात बसायच्या आधी ह्यांनी मला गळ्याची शपथ घातली की मुलाला यातलं काही कळता कामा नये. मी म्हटलं, अहो, आज ना उद्या कळणारच की. तर म्हणाले, "मग उद्या कळू दे."

ह्यांची सगळी नोकरी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून झाली. केसाएवढा ओरखडा दिसला तर अख्खा माल परत पाठवणारा माणूस. घरीही तेच. ताटलीला साबण राहिलाय हे दारातूनच सांगायचे, आणि माझं टाळकं सणकायचं. अशा माणसाला पोटच्या मुलानं "सांभाळून, पायरी आहे" म्हणायचं, हे त्यांना सोसणार नव्हतं. मला ते कळत होतं, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

एकदा मिटलं की मग रोजच मिटावं लागतं. ह्यांनी स्कूटर सोडली, तेव्हा सगळ्यांना सांगितलं की धायरी फाट्यावर गाडी चालवणं हे माणसाचं काम राहिलेलं नाही. ते खरंच असल्यामुळे कुणी शंका घेतली नाही. डोळ्यात घालायचे थेंब फ्रिजमध्ये ठेवायचे असतात. मुलगा रविवारी आला की ती बाटली मी मेथीच्या जुडीत खुपसायची. जेवताना ताटात वाटी रोज त्याच जागी ठेवायची, खुर्ची इंचभर हलू द्यायची नाही. आणि हे सगळं कुणाला दिसू न देता. कधीकधी वाटायचं, बाल्कनीत उभं राहून ओरडून सगळ्या सोसायटीला सांगून टाकावं एकदाचं.

मग मुलानं वाघोलीला मोठा फ्लॅट घेतला आणि आम्ही दोघांनी तिकडे राहायला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्यानं ठरवलं, प्रेमानंच. तो आयटीत आहे. घर स्मार्ट करायचं त्यानं डोक्यात घेतलं होतं. दिवे फोनवरून लागणार, पडदे फोनवरून सरकणार. पण बटणं तरी आईबाबांच्या पसंतीची हवीत, म्हणून एका शनिवारी दुपारी तो आम्हाला शोरूममध्ये घेऊन गेला. सून कामावर होती, म्हणून आम्ही तिघंच.

आत पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबले. भिंतभर काळ्या काचेच्या पट्ट्या. बटण म्हणावं असं एकावरही काही नाही. वर आलेलं नाही, खाली दबणारं नाही, काचेवर नुसते पांढरे ठिपके रेखलेले. दुकानातल्या माणसानं बोट टेकवलं आणि छतातला दिवा लागला. आवाज नाही, काही नाही. "नुसतं टच करायचं, काकू," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढे आले ते ह्यांचे हात, वाघोलीच्या त्या नव्या भिंतीवर चाचपडणारे. चाचपडायला हात फिरवला की या काचेवर सगळंच एकदम लागणार.

"छान आहे, पण आपल्याला साधी खटक्याची बटणं घेऊ," मी म्हटलं.

"का गं?" मुलगा म्हणाला.

झालं.  या एका 'का'चं खरं उत्तर एकच होतं आणि ते शपथेत बांधलेलं. मी म्हटलं, काचेवर बोटांचे डाग पडतात. तर म्हणे, पुसायचे. मी म्हटलं, स्वयंपाकघरात माझे हात ओले असतात, शॉक बसेल. दुकानदार म्हणाला, ओल्या हातानंही चालतं, अगदी सेफ आहे. मी म्हटलं, पाहुण्यांना कळायचं नाही कुठला ठिपका कशाचा. मुलगा हसला. "आई, तुला नव्या वस्तूचं वावडंच आहे. मायक्रोवेव्हच्या वेळीही असंच केलं होतंस."

मी ह्यांच्याकडे बघितलं. निदान आता तरी काहीतरी बोलतील. आणि बोललेच. "काच उत्तमच आहे," म्हणाले. "तुझ्या आईचं ऐकत बसलास तर घरात कंदील टांगावे लागतील."

मी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला असेल. ह्यांच्यासाठी मी तिथे भांडत होते, आणि हे ऐटीत स्वतःच्याच हातानं आपला रस्ता बंद करत होते. राग इतका आला की डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं. पण बोलू काय? तोंड उघडलं तर शपथ मोडते, आणि नाही उघडलं तर हा माणूस आपल्याच घरात अडकून पडतो.

"बाबा, तुम्हीच लावून बघा," मुलगा म्हणाला आणि त्यानं त्यांना एका काचेसमोर उभं केलं. "वरचा डावीकडचा ठिपका. समोरचा लोंबता दिवा लागेल."

ह्यांनी हात पुढे केला. काचेची कड बोटांनी शोधली, कोपऱ्यापर्यंत गेले, तिथून थोडं खाली.  बोट ठिपक्याच्या शेजारी कोऱ्या काचेवर टेकलं. आणि नेमकं त्याच वेळी पलीकडच्या टेबलाशी एक गृहस्थ साध्या बटणांचा बोर्ड बघत होते, त्यांनी एक बटण दाबलं. खट्.

ह्यांचे हात आपोआप जुळले. आमच्याकडे दिवा लावला की हात जोडायचे ही जन्माची सवय. दोन वर्षं ते हात जोडत होते ते बटणाच्या आवाजावर, हे मला तिथे, त्या क्षणी कळलं. शोरूममध्ये दिव्यांचा नुसता लखलखाट होता, त्यात एक दिवा कमी काय आणि जास्त काय, वर लोंबणारा तो ह्यांना कुठला दिसणार.

"लागला की," ते म्हणाले.

समोरचा दिवा बंद होता.

मुलगा आधी हसला. "बाबा, नाही लागला अजून." मग त्यानं त्यांचे जोडलेले हात बघितले, त्यांचा चेहरा बघितला, आणि हसू तिथंच राहिलं. तो माझ्याकडे वळला. "आई?"

माझ्याकडे थाप तयार होती. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणायचं, की झालं. दोन वर्षांत अशा पन्नास थापा मी न अडखळता मारल्या होत्या. पण तोंडातून निघालं ते असं, "काचबिंदू आहे रे. दोन वर्षं झाली."

ह्यांनी हात खाली घेतले. "सांगून मोकळी झालीस," म्हणाले. हळूच म्हणाले, दुकानातल्या माणसाला ऐकू जाऊ नये इतपत. त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आणि मोकळी कुठली. शोरूममधून निघताना मुलानं त्यांचा दंड धरला, तो अजून सोडलेला नाही. दारात एक पायरी होती. "सांभाळून, बाबा, पायरी आहे," असं तो म्हणालाच.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, आता कारण कळलंय ना, मग घाल साधी बटणं. तर त्यानं आणखी पुढचा विचार केला होता. बटणच नको. प्रत्येक खोलीत सेन्सर. बाबा आत आले की दिवा आपोआप लागणार, निघून गेले की आपोआप जाणार. "त्यांना भिंतीला हातसुद्धा लावावा लागणार नाही, आई," असं सांगताना त्यानं डोळे पुसले. रात्रभर इंटरनेटवर वाचून त्यानं हे शोधून काढलं होतं. म्हटलं, अरे, एक तरी बटण ठेव. म्हणाला, "कशाला? आता त्यांना कसला त्रास द्यायचा?" रडवेल्या मुलाला आणखी काय समजावणार. मी हो म्हटलं.

वाघोलीला येऊन आता तीन महिने झाले. खोटं कशाला बोलू, सोय आहे. हे बाथरूमला निघाले की पॅसेजमध्ये दिवा, आत दिवा. कुठे ठेच नाही, धडपड नाही. सून आल्यागेल्याला कौतुकानं दाखवते. ह्यांना मात्र उठायची गरजच उरलेली नाही. पाणी हातात, पेपर मुलगा मोबाइलवर वाचून दाखवणार, आणि हे जरा उठले की दोन माणसं त्यांच्याआधी उभी. धायरीला संध्याकाळी साडेसहाला घरभर फिरून सगळे दिवे लावायचे ते हेच. इथे ते सोफ्यावर बसतात आणि बसूनच राहतात. मी म्हणते, अहो, जरा फिरून या. म्हणतात, "कुठून कुठे?"

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी खाली कोथिंबीर आणायला गेले होते. मुलगा-सून अजून यायचे होते. परत येऊन किल्लीनं दार उघडलं तर घरात गुडुप अंधार. मी पाऊल टाकलं आणि दिवा लागला. हे सोफ्यावर बसलेले, दोन्ही हात मांडीवर.

"अहो, अंधारात काय बसलात?"

"मघाशी होता दिवा. मी हललो नाही, मग गेला."

"मग हात हलवायचा ना."

"हलवला. लागला. परत गेला. परत हलवला. तिसऱ्यांदा म्हटलं, जाऊ दे." मग म्हणाले, "घराला वाटतंय इथे कुणी नाही. वाटू दे."

 मुलावर चिडावं तर त्यानं जीव ओतून केलेलं, ह्यांच्यावर चिडावं तर कुठल्या तोंडानं. शोरूममध्ये मी काचेला 'हो' म्हणाले नव्हते, पण नंतर सेन्सरला म्हणालेच होते. कोथिंबिरीची जुडी हातात तशीच धरून मी त्यांच्या शेजारी बसले.  थोड्या वेळानं दिवा गेला. आम्ही दोघं होतो तिथे, तरी गेला. हात कुणीच हलवला नाही.