विणकर कोणाला म्हणायचं

मी मिहानमधल्या एका कंपनीत पायथनमध्ये प्रोग्राम लिहिते. काही दिवस घरून काम असतं. उजवं अंग लुळं पडल्यापासून बाबा त्या दिवशी माझ्याशेजारी खुर्ची लावून बसतात. सारा जन्म हातमागावर गेला. रिकामं बसवत नाही, मग माझं डोकं खातात.

"काय करून राहिली वं?"

मी वस्तूंचे प्रकार पाडत होते. म्हटलं, "बाबा, पायथनमध्ये इंटरफेस म्हणून एक सोय असते. एखाद्या प्रकारात बसायचं तर कोणती कामं आली पाहिजेत, तेवढं त्यात ठरवायचं. वस्तू कुठली, कोणाची, ते विचारायचंच नाही. सगळी कामं आली तर ती त्या प्रकारची. एक जरी राहिलं, तरी पायथन ती वस्तू बनवूच देत नाही."

त्यांना काही उमगेना. मग मी काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. घरचंच उदाहरण दिलं. "समजा, विणकर हा प्रकार. धोटा फेकणं, पायानं पावड्या दाबणं, तुटलेला धागा सांधणं. हे सगळं जमलं तर विणकर."

आता लगेच समजलं. मी खुशीत चहा ठेवायला उठले. परत आले तर बाबा डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उलगडत होते.

"मंग मी त्याच्यात नाही बसत."

मी घाईघाईनं म्हणाले, "दुसरी वाट आहे ना. ह्याला विणकर समजा, अशी नुसती नोंद करता येते. मग पायथन काही तपासत नाही, विणकरच म्हणतं."

"अन् धोटा फेक म्हटलं तं?"

"तिथं अडतं." खोटं बोलायचं मला सुचलंच नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी गल्लीतले काका आले. दोघांची उमर शेजारी-शेजारी विणण्यात गेली. काकांच्या मागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढायचा होता. आमच्याकडे जुन्या ताण्याला नवा जोडताना पहिली गाठ वडीलधाऱ्या विणकराच्या हातची घेतात. गेली कित्येक वर्षं ती बाबांची.

"चाल गा, सारे थांबून राहिले."

"दुसऱ्या कोणाले बलाव. मी आता विणकर नाही."

"काहून गा? डावा हात लाव नुसता. बाकीचं मी पाहतो."

"नुसता हात लावून होत असते का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय सांगणार होते मी? लाज वाटली, रडू आलं, आणि बाबांचा रागही आला. माझं एवढंसं उदाहरण ह्या माणसानं इतकं खरं का मानावं? काका निघून गेले.

दुपारी त्यांचा माग सुरू झाला. त्याच खटखटीवर लहानपणी मी झोपत असे. बाबांनी डोळे मिटले होते.

"खिडकी लाव माय," ते म्हणाले. "लई आवाज येऊन राहिला."