एका घरात तीन जावा

"हा ल्युपस आहे," डॉक्टर म्हणाले आणि अक्काच्या गालांवरची लाली त्यांनी पुन्हा एकदा पाहिली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात पोचेपर्यंत आम्ही नुसत्या सांधेदुखीवर औषधं घेत होतो. डॉक्टरांनी सावकाश समजावलं : ल्युपसमध्ये शरीराचं रक्षण करणारी शक्तीच शरीरावर उलटते. त्वचा, सांधे, मूत्रपिंडं, कशावरही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, हुपरीला दिलेली. सासरी घरातच चांदीच्या पैंजणांचं काम. ती म्हणाली, "म्हंजे भाईरचा चोर न्हाय. घरातलीच भांडणं की!"

"अगदी तसंच," डॉक्टर हसले.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ताप उतरला, बोटं वळू लागली, चेहरा मात्र सुजला. ऊन टाळायचं म्हणून ती गल्लीतसुद्धा छत्री घेऊन निघायची. तिची धाकटी जाऊ शोभा म्हणायची, "आल्या बघा महाराणीसाहेब!"

"मग धर की छत्री," म्हणत अक्का ती तिच्याच हातात द्यायची.

पुढे तिला सारखी थंडी वाजू लागली. बसल्या जागी झोप यायची. ल्युपसच वाढला असं आम्ही धरून चाललो. डॉक्टरांनी मात्र गोळी वाढवण्याआधी रक्त तपासलं. हायपोथायरॉइडिझम निघाला : गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली होती, तीही अशाच घरच्या हल्ल्यानं. असा एक आजार असला की त्याच कुळातला दुसरा सोबत येऊ शकतो, असं ते म्हणाले.

"थोरलीनं धाकटी जाऊ आणली व्हय?" अक्कानं विचारलं. वेगळी गोळी सुरू झाली आणि महिन्या-दोन महिन्यांत ती पुन्हा कामाला बसली.

तिचं काम नाजूक. पैंजणाच्या नक्षीवर मोहरीहून बारीक चांदीचे रवे बसवायचे. बोट जिभेला लावायचं, ओल्या बोटाला रवा चिकटला की उचलून जागेवर ठेवायचा. एके दिवशी रवा उचलेचना. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून ती थांबली. इतक्या आजारपणात न रडलेली अक्का रडत मला म्हणाली, "माझा हात गेला गं." त्या हातावरच त्या घरात तिचा मान होता. रडतानाही तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

पुढच्या तपासणीला तिनं रव्यांची पुडी नेली आणि डॉक्टरांच्या टेबलावर उलटी केली. "बघा, उचलत न्हाय."

डॉक्टरांनी तिला पुन्हा एक रवा उचलायला लावला. मग तिला जीभ दाखवायला सांगितली. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली. बराच वेळ थांबलो. पट्टी जवळपास कोरडीच राहिली.

"शोग्रेन्स सिंड्रोम," ते म्हणाले. "लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी सुकतात. तुमचा हात शाबूत आहे, बाई. बोटाला ओल मिळत नाही, एवढंच."

अक्का मोठ्यानं हसली. "तिसरी जाऊ!"

डोळ्यांत घालायचे थेंब मिळाले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची. तिथं पोस्टाची तिकिटं ओली करायला वाटीत स्पंज असे. तसाच एक घेऊन हुपरीला गेले. अक्कानं स्पंजाला बोट लावलं, रवा उचलला आणि जागेवर ठेवला. शोभा बघत होती. तिनं स्पंज अक्काच्या हाताजवळ सरकवला.

त्यानंतर अक्कानं कितीतरी वर्षं काम केलं. शेवटी एका हिवाळ्यात फुप्फुसांच्या संसर्गानं तिला नेलं.

ज्यांच्या घरात ल्युपस आहे त्यांना एवढंच सांगते : प्रत्येक नवी तक्रार त्याच्याच माथी मारू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि कसं दाखवायचं हे अक्काकडून शिका. लाज न बाळगता, टेबलावर पुडी उलटी करून.

ती गेल्यानंतर काही महिन्यांनी मी हुपरीला गेले. अक्काच्या जागेवर शोभा बसली होती. तिच्या तोंडाला कसलाही आजार नाही. तरी ती अक्काच्याच स्पंजाला बोट लावून रवे उचलत होती.

मी बघतेय हे पाहून म्हणाली, "वाळू देत न्हाय मी त्यो."