हिलाल मास्तरांचं आयर्लंड

हिलाल मास्तरांना एम.ए.ची पदवी मिळाली नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच वाचणाऱ्याने आस लावून बसायचं आणि शेवटी हात हलवत परत जायचं, असं नको. नंदुरबारच्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं इंग्रजी आणि इतिहास शिकवला. त्यातली साडेसात वर्षं आयर्लंडमधल्या कुळांच्या चळवळीवर प्रबंध लिहिण्यात गेली. आयर्लंड तर सोडाच, मास्तर उभ्या जन्मात मुंबईच्या पलीकडे गेले नव्हते.

विषयाचं खूळ डोक्यात शिरलं ते कॉलेजात. तेव्हा वर्तमानपत्रं आयर्लंडच्या बातम्यांनी भरलेली असायची आणि पोरं ती तावातावाने वाचायची. बाकीच्यांचा ताव बी.ए.बरोबर उतरला, मास्तरांचा उतरला नाही. नोकरीत पाच वर्षं काढल्यावर १९२९ साली त्यांनी मुंबईच्या आपल्या जुन्या प्रोफेसरांना पत्र लिहिलं. प्रबंध लिहून एम.ए. करता येतं, नोकरी सोडावी लागत नाही, असं उत्तर आलं. नोकरी सोडावी लागली नाही हे खरं. बाकी सगळं सोडावं लागलं.

मुंबईहून पुस्तकांचं पार्सल सुरतेवरून रेल्वेने यायचं. तीन आठवड्यांत परत करायचं, त्यातला एक आठवडा वाटेतच जायचा. पार्लमेंटच्या चौकशीचे जाडजूड अहवाल, शेकडो कुळांच्या साक्षी, बारीक छपाई. मास्तर पहाटे उठून ते उतरवून घेत, मग शाळेत सहा तास घसा कोरडा करत आणि संध्याकाळी वह्या तपासत. पस्तिशीतच डोळे अधू झाले. टंकलेखनासाठी पुखराजशेठच्या कापसाच्या जिनिंगमधल्या कारकुनाला रविवारी गाठावं लागे. त्याने पहिल्याच पानावर सवयीने 'आपले कृपापत्र पोचले' असं छापून ठेवलं होतं.

"तुमनं ते आयर्लंड कव्हय सरी?" कधी संपणार, असं त्यांची बायको धनुबाई दर दिवाळीला विचारायची. पहिली दोन वर्षं मास्तर तिला समजावून सांगत. पुढे नुसतं "सरी, सरी" म्हणत.

प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यांचं लाडकं होतं. जमीनदाराने एखाद्या कुळाला हुसकावलं, तर त्याची जमीन दुसऱ्या कुणी करायला घ्यायची नाही, असं त्या लोकांनी ठरवलं होतं. जो घेईल त्याच्याशी सगळ्या गावाने बोलणं तोडायचं. रक्ताचा थेंब न सांडता मस्तवाल माणूस वठणीवर यायचा. मास्तरांनी ते अगदी जीव ओतून लिहिलं होतं. प्रोफेसरांनी ते परत पाठवलं, समासात दोन ओळी लिहून: हे सारं वेशीवरून पाहिल्यासारखं आहे. ज्याच्यावर बहिष्कार पडला त्याच्या घरात काय चाललं होतं?

मास्तर चिडले. घरातलं कुठून आणायचं? साक्षी असतात त्या बाहेरच्यांच्या. प्रबंध देण्याची मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि आता चार जानेवारी १९३७ ही शेवटची तारीख होती. त्यानंतर नाव रद्द होणार होतं.

छत्तीसच्या दिवाळीत ते गावी गेले. गाव म्हणजे रनाळ्याच्या पलीकडचं लहानसं खेडं. तिथे त्यांचा चुलतभाऊ सुकलाल शेती बघायचा. चार वर्षांनी मोठा, मोजकं बोलणारा. त्या वर्षी गावात एक खटला गाजत होता. तापीराम पाटलाच्या पुतण्याने राखणदार जान्या भिलाला काठीने बडवून त्याचा हात मोडला होता आणि नंदुरबारच्या कोर्टात साक्षी व्हायच्या होत्या. सगळा गाव म्हणत होता, आम्ही काही पाहिलं नाही. सुकलाल काहीच म्हणत नव्हता.

चावडीवर तापीराम पाटलाने मास्तरांना विचारलं, "मास्तर, सात वरीस पासून काय लिही ऱ्हायनात तुम्ही? आमले तं सांगा."

सात वर्षांत त्यांना असं कुणीही विचारलं नव्हतं. शाळेतल्या मास्तरांनी नाही, मेव्हण्यांनी नाही, बायकोने विचारलं ते संपवण्यासाठी. मास्तर खुलले. त्यांनी चौथं प्रकरण अहिराणीत सांगितलं आणि इतकं झकास सांगितलं की माणसं तंबाखू मळायची थांबली. डॉलन नावाच्या एका शेतकऱ्याची गोष्ट त्यांनी विशेष रंगवली. त्याने हुसकावलेल्या शेजाऱ्याची जमीन घेतली. मग लोहाराने त्याच्या घोड्याला नाल मारली नाही, दुकानदाराने मीठ दिलं नाही, आणि सुगीच्या वेळी एकही मजूर त्याच्या शेतात उतरला नाही. उभं पीक कुजलं.

"मजूरबी नही?" पाटलाने विचारलं.

"एकबी नही," मास्तर म्हणाले.

हे पाटलाला का विचारावंसं वाटलं, ते मास्तरांच्या ध्यानात आलं नाही. वाळीत टाकणं गावाला नवं नव्हतं. वाळीत पडलेल्याला विस्तव मिळत नसे, चिलीम मिळत नसे, त्याच्या पोरीला कुणी मागणी घालत नसे. पण त्याच्या शेतावरची मजुरी कधी बंद होत नसे. भांडण माणसाशी, पिकाशी नाही, असा बापजाद्यांपासूनचा दंडक होता. मास्तरांना हा दंडक ठाऊक होता. साडेसात वर्षं दुसऱ्याच्या गावाचे दंडक उतरवताना आपल्या गावाचा विसरले, एवढंच.

डिसेंबरात धनुबाई बारशाला गावी जाऊन आली आणि पिशवीही खाली न ठेवता बोलू लागली. सुकलालने जे पाहिलं ते कोर्टात सांगितलं होतं. पाटलाच्या पुतण्याला चार महिन्यांची सजा झाली होती आणि सुकलाल वाळीत पडला होता.

"आनी कापूस फुटीसन खाले पडी ऱ्हायना," ती म्हणाली. "एक बाई वेचाले येत नही. लोके म्हणतस, आपला मास्तरनीच सांगेल शे, असंच करनं पडस."

मास्तरांनी टेबलावरचे कागद आवरले. लाज वाटली, भयंकर लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्या लाजेखाली कंटाळाही होता, की आता हे एक आणखी.

नाताळच्या सुटीत चौथं प्रकरण दुरुस्त करून कारकुनाला द्यायचं ठरलं होतं. त्याऐवजी ते गावी गेले. वेशीतच तापीराम पाटील भेटला, हसतमुख.

"मास्तर, तुमनं आयर्लंड लागू पडनं बरं का!" औषधाबद्दल बोलावं तसं तो बोलला.

"पाटील, शेत कसाले बंद करं? आपला गावमा असं कधी व्हतं का?"

"नव्हतंच. आमले कोठे माहीत व्हतं? तुम्हीच सांगं." पाटलाच्या आवाजात खोच नव्हती, आदर होता. मास्तरांना तोच सोसवला नाही. मजुरी तरी मोकळी करा, अशी विनवणी त्यांनी केली. गावाचा शब्द झाला, आता आखाजीपर्यंत काही नाही, असं सांगून पाटील निघून गेला. आखाजी म्हणजे वैशाखात. तोवर शेतात कापसाचं नावही उरलं नसतं.

बारा बिघे कापूस होता. वेचायला सुकलाल, त्याची बायको शोभाबाई आणि दोन पोरी. जान्या गळ्यात हात बांधून एक दिवस आला होता, पण त्याचं राखणीचं धान्य बंद होईल म्हणून सुकलालनेच त्याला परत पाठवलं. निम्मा कापूस वाऱ्याने मातीत लोळत होता.

"भाऊ, मी सांगं त्यासले," मास्तर बांधावरूनच म्हणाले. "डॉलननी गोष्ट."

"माले माहीत शे," सुकलाल म्हणाला आणि कमरेला बांधायचं फडकं त्याने पुढे केलं.

मास्तरांच्या हातांना खडूची सवय. सुकल्या बोंडांची टोकं बोटांत घुसत होती. ते एक ओळ वेचत तोवर धाकट्या पोरीच्या तीन वेचून व्हायच्या. चौथ्या दिवशी त्यांना उठताना कंबर धरावी लागली. शोभावहिनींनी जेवायला दिलं, पण पहिले तीन दिवस त्या दिराशी बोलल्या नाहीत. मग एका दुपारी स्वतःहूनच बोलल्या.

"बोलनं बंद व्हयनं तं व्हवू द्या, भाऊ. पन शेजारनं कुत्रं आंगनमा येस, मी भाकर टाकस, तं शेजारना लोके त्याले हाक मारीसन परत बलावतस. ते माले सहन व्हत नही." एवढं बोलून त्या पुन्हा वेचायला लागल्या.

घरात काय चाललं होतं, हे मास्तरांना आता कळलं. पण ते लिहायचं कुठे? तळटीपेत साक्षीदार म्हणून शोभावहिनींचं नाव घालायचं? आणि साक्ष कुणाविरुद्ध, ते कोण लिहिणार? नंदुरबारला परतून दोन दिवसांत काही खरडता आलं असतं. त्यांनी मनाशी हिशेब करून पाहिला आणि सोडून दिला. चार जानेवारीला ते शेतातच होते. शाळेला त्यांनी तापाचा अर्ज धाडला होता. त्या दिवशी त्यांना दुःख झालं, मोकळंही वाटलं, आणि दोन्हींपेक्षा झोप जास्त आली.

दुपारी बाभळीखाली बसले असताना सुकलाल म्हणाला, "शोभाना भाऊ सुरतले गिरणीमा शे. तो बलाई ऱ्हायना. शेत इकीसन निंघी जावूत, असं मनमा येस. पोरीसना लगननं काय? आठे कोन करी?"

पाणी प्यायला उचललेला तांब्या मास्तरांनी खाली ठेवला. सुकलाल विकायला निघालेलं हे शेत त्यांच्या आजोबांनी फोडलेलं. गावात त्यांचं म्हणावं असं सुकलालच्या घराशिवाय दुसरं घर नव्हतं.

"हिलाल," सुकलालने विचारलं, "त्या डॉलननं शेवट काय व्हयनं?"

डॉलनचं काय झालं ते मास्तरांना पानाच्या आकड्यासह पाठ होतं. दीड वर्ष त्याने तग धरला. मग बायको आणि पाच पोरं घेऊन तो अमेरिकेच्या जहाजात बसला. त्यातली दोन पोरं वाटेत गेली. त्यानंतर त्याचं नाव कुठल्याच अहवालात नाही.

"ऱ्हायना," मास्तर म्हणाले. "गावमाच ऱ्हायना तो. दोन वरीसमा लोके परत बोलाले लागनात. पोरीसना लगनबी तठेच व्हयनात."

साडेसात वर्षांत त्यांनी आधाराशिवाय एकही वाक्य लिहिलं नव्हतं.

"असं पुस्तकमा शे?"

"शे."

सुकलालने फडकं झटकून पुन्हा कमरेला बांधलं. "मंग ऱ्हावूत आपनबी," तो म्हणाला. "ऊठ, खालना बांधकडलं ऱ्हायेल शे अजून."